दुसरा उतारा

रुपीबाई राठोडविषयी लिहायचं तर आधी माझी लाज सांगावी लागेल, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी विमल. यवतमाळला लोहाऱ्याच्या बाजूला एक लहानशी सेमिनरी आहे, तिथे चौदा वर्षांपासून शिकवते. मी ख्रिस्ती नाही, कापूस-तुरीच्या घरातली आहे, बायबल मला शिकवता येत नाही. पण सेमिनरीची पदवी नुसत्या बायबलवर मिळत नाही. मराठी, हिंदी, गणित, परिसर आणि संगणक असे पाच सामान्य विषयही काढावे लागतात. विद्यार्थी त्यांना 'बाहेरचे पेपर' म्हणतात आणि मला 'बाहेरच्या बाई'. चौदा वर्षं ऐकते आहे, तरी ते अजून टोचतं.

रुपीबाई फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची. सोयाबीन सोंगून हात राठ झालेले, वय सेहेचाळीस. दहावी तिने लग्नानंतर केली आणि बारावीला तर ती आणि तिची मुलगी बबिता एकाच वर्षी बसल्या. तांड्यावरच्या दहा-बारा घरांची रविवारची प्रार्थना तीच चालवायची. पण पाळक म्हणून दीक्षा हवी तर पदवी हवी, आणि दीक्षेशिवाय लग्न लावायचा अधिकार नाही. बबिताचं लग्न आईचा अभ्यास संपेल त्या मे महिन्यात ठरलं होतं. लेकीचं लग्न आपल्या हातानं लावायचं, या एका हट्टापायी ही बाई तीन वर्षं वसतिगृहात विशीतल्या मुलींच्या खोलीत राहिली.

संगणकाच्या माऊसला ती आधी चिमटीत धरायची. मुली हसायच्या, तीही हसायची. गणितात मात्र तिने एकसष्ट गुण काढून मलाच गप्प केलं. आता एप्रिलमधली हिंदीची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. एक उतारा मोठ्यानं वाचायचा, वीस गुणांपैकी आठ मिळाले की पास. मेच्या पहिल्या रविवारी तिची दीक्षा होती.

परीक्षेच्याच आठवड्यात प्राचार्यांनी सगळ्यांसमोर रुपीबाईच्या उपदेशाची तोंडभर स्तुती केली आणि शेवटी म्हणाले की आता बाहेरचे पेपर काय, ती तर औपचारिकता आहे. मी तिथेच बसले होते. माझी चौदा वर्षं त्यांनी एका शब्दात निकालात काढली. माझं डोकं फिरलं आणि तो राग मी रुपीबाईसाठी जपून ठेवला, हे आज कबूल करते.

परीक्षा मीच घेतली. उतारा पाण्याविषयी होता. समुद्र का पानी भाप बनता है, भाप से बादल बनते हैं, बादल पहाड़ से टकराते हैं, असा सरळसोट. रुपीबाईनं कागद हातात घेतला, नजर फिरवली आणि तो खाली ठेवला.

"बाई, मले दुसरा उतारा देता काय?"

मी कारण विचारलं.

"हा वाचता येते. पण म्हणता नाई येत."

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा असतो. तिने पदर सावरला आणि वाचायला लागली. 'भाप से' म्हणाली, थांबली, 'वो बनते हैं' म्हणाली. मी लाल रेघ मारली. पुढे पुन्हा तसंच. बाकी शब्द धडाधड येत होते आणि तो एक शब्द आला की ती अडखळायची, 'वो' म्हणून पुढे जायची.

चौथ्या वेळी माझं लक्ष हजेरीच्या कागदाकडे गेलं. राठोड रुपीबाई बादल. नवऱ्याचं नाव बादल, आणि तांड्यावरची जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. कागदावर लिहायला तिची ना नव्हती, दर अर्जावर ती ते लिहीतच होती. अडत होतं ते बोलायला.

मला कळलं नाही असं मी कुणाला सांगितलं तर ते खोटं आहे. मला चौथ्या वेळीच कळलं. उतारा बदलायला कपाट उघडावं लागलं असतं, एवढंच. पण मनात आलं, वेदीवर उभी राहून जगाला शिकवणार आणि हिला एक शब्द बोलवत नाही? माझा पेपर औपचारिकता ना, मग बघू. गंमत म्हणजे मीही सव्वीस वर्षांत माझ्या नवऱ्याला 'अहो' पलीकडे काही म्हटलेलं नाही. बाहेर बोलताना 'आमचे हे' म्हणते. पुंडलिकराव हे नाव मी लिहिते तेवढंच. तरी त्या दिवशी मी मोठी सुधारलेली बाई होऊन बसले होते.

शब्द नऊ वेळा आला, नऊ रेघा झाल्या. रुपीबाईला सहा गुण मिळाले. प्राचार्यांनी मला बोलावून काही करता येईल का, असं विचारलंसुद्धा. मी नियमाची चौकट पुढे केली. रुपीबाई माझ्याकडे एकदाही आली नाही. पुढची परीक्षा वर्षानं होती.

लग्नाला तिने मला बोलावलं आणि मी निर्लज्जासारखी गेले. लग्न लावायला यवतमाळहून कुणी पाहुणे पाळक आले होते. त्यांनी घाईघाईत वचनं म्हणवून घेतली आणि बबिताचं नाव सविता असं घेतलं. रुपीबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. लेकीचं नाव चुकलं तेव्हा तिचे ओठ हलले, पण तिथून बोलायचा तिला अधिकार नव्हता. निघताना बायकांनी ढावलो म्हटला, निरोपाचं गाणं. तिने मला आग्रहानं बुंदी वाढली. ती मी तशीच पानात टाकून उठले.

वर्षानं ती पुन्हा परीक्षेला आली. बादलभाऊंनी शंभर किलोमीटर गाडीवरून आणलं होतं आणि ते बाहेर व्हरांड्यात पायरीवर बसले होते. मी आदल्याच दिवशी तिच्यासाठी वेगळा उतारा काढून ठेवला होता, शेळीचा. त्यात अडण्यासारखा एकही शब्द नव्हता. मी तो तिच्यासमोर ठेवला. तिने वाचून पाहिला आणि दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवला.

"ज्याच्यात नापास झाली, तोच द्या."

मी म्हटलं, रुपीबाई, राहू दे, हा चालतो. ती हात पुढे करून बसून राहिली. शेवटी मी कपाट उघडलं आणि जुना कागद काढून दिला.

तिने वाचायला सुरुवात केली. 'भाप से' म्हणाली, डोळे मिटले, आणि मोठ्यानं म्हणाली, "बादल."

बाहेर चपलांचा आवाज झाला. बादलभाऊ धावतच दारात आले. चेहरा उतरला होता. अठ्ठावीस वर्षांत बायकोनं पहिल्यांदा नावानं हाक मारली, म्हणजे काहीतरी भयंकर झालं असणार, असंच त्यांना वाटलं असेल.

"काय झालं वं? मले आवाज देल्ला काय?"

रुपीबाईनं मान वर केली नाही.

"तुमाले नाई. पुस्तकातले हायेत ते."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग बरं म्हणून पुन्हा पायरीवर जाऊन बसले. रुपीबाईनं उरलेला उतारा वाचला. उरलेल्या आठही वेळा तिने तो शब्द म्हटला आणि एकदाही तिचा आवाज हलला नाही. मी वीसपैकी वीस लिहिले. दुसरं काय देणार होते मी तिला?

कागद परत देताना तिने विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारलं.

"झालं ना बाई? का अजून एकदा म्हणू?"