वसंतभाऊंची मंगळवारची खुर्ची

त्या मंगळवारी सकाळी मी दिवसाची यादी लिहीत होते. एक, प्रिंटरची शाई. दोन, टायपिंग परीक्षेचे फॉर्म. तीन, वसंतभाऊंना माझ्या गेममधला घाटाचा भाग खेळायला देणे. तिसऱ्या कामापुढे ‘साडेअकरा’ लिहीत असतानाच त्यांच्या सुनेचा फोन आला. “मॅडम, बाबा आज येत नाहीत,” एवढंच ती म्हणाली. तिच्या मागून रडण्याचा आवाज आला, तेव्हा मला कळलं, वसंतभाऊ गेले. त्याला आता सहा आठवडे झाले.

वसंतभाऊ एसटीतले निवृत्त कंडक्टर, दिग्रसजवळच्या तांड्यावर राहायचे. दिग्रसला माझी कॉम्प्युटर-टायपिंगची संस्था आहे आणि चाळिशी उलटल्यावर मला मोबाइलवरचा गेम बनवायचा नाद लागला. घरच्यांना ते बाईचं खूळ वाटे. वसंतभाऊ पहिल्यांदा आले ते पेन्शनचा फॉर्म भरायला. फॉर्म छापून होईपर्यंत ते माझ्या स्क्रीनकडे बघत उभे राहिले. पाठीवर मिठाची पोती घेतलेले बैल रानातून चालले होते.

“हे तं आमची लदेणी हाय,” ते म्हणाले. पूर्वी बंजारा लोक बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव नेत, ती लदेणी. मी ती वाचून गेममध्ये घातली होती, त्यांनी ती आईच्या तोंडून ऐकली होती. मी त्यांना खेळायला बसवलं. थोड्या वेळानं एक बैल थकून बसला. त्याला मागे टाकून पुढं गेलं की जास्त गुण, असा माझा नियम होता. वसंतभाऊंनी हात काढून घेतला.

“का थांबलात?”

“बैल बसला ना.”

“त्याला सोडा, पुढं चला. गुण मिळतात.”

“असं कसं सोडा, मॅडम? माही याडी सांगे, एक बैल बसला का सारा तांडा थांबते. चूल तिथंच पेटते. हे लदेणी शिकल्या-सवरल्या माणसानं काढेल दिसते.”

याडी म्हणजे आई. मला राग आला, कारण आठ महिन्यांचं काम त्या एका नियमावर उभं होतं. पण दुसऱ्या दिवशी यादीत पहिलं काम लिहिलं: बसलेल्या बैलासाठी तांडा थांबवणे. त्याला पाच महिने लागले आणि तिथून तो गेम खऱ्या अर्थानं माझा झाला.

मग दर मंगळवारी साडेअकराला ते यायचे आणि खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीत बसून नवा भाग खेळायचे. कौतुक कधीच नाही. अडले तर अडलो म्हणायचे, कंटाळले तर सरळ जांभई द्यायचे. मी वहीत नोंद करायची, ‘नदीनंतर जांभई’, आणि पुढच्या मंगळवारपर्यंत नदीनंतरचा रस्ता बदलायची.

तिसऱ्या वर्षी कॉम्प्युटर बिघडला आणि चार महिन्यांचं काम पुसलं गेलं. माझ्या यादीत ‘कॉपी काढणे’ हे काम सोळा आठवडे होतं, पुढे खूण एकदाही नव्हती. मी, जिच्या यादीची घरात थट्टा होते... त्याच आठवड्यात, जिच्याकडे गेम पाठवला होता त्या कंपनीनं दोन ओळींत नकार कळवला. मी वही कपाटात टाकली. मंगळवारी वसंतभाऊ आले.

“आज खेळायला काही नाही. मी सोडलं ते,” मी म्हणाले.

“बरं,” म्हणून ते खुर्चीत बसले, पेपर वाचला, चहा घेतला, दीडच्या गाडीनं गेले. पुढच्या मंगळवारी तेच. तिसऱ्या मंगळवारी मी चिडले. “तुम्ही उगाच खेटे कशाला घालता?”

“म्या काही म्हणलं का? बैल बसला हाय, बसू द्या त्याले. मले घाई नाही.”

“मी बैल का?”

“लादेल तं दिसते,” म्हणत त्यांनी पेपर उलटला.

असे अकरा मंगळवार गेले. बाराव्या मंगळवारी मी वही काढली, पहिलं काम ‘कॉपी काढणे’ लिहिलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. त्यांनी मान वर केली नाही. फक्त खिशातलं पेन काढून खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर दोनदा वाजवलं. टण् टण्. एसटीत एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

आता कधीमधी गेम बनवणाऱ्या पोरांचे फोन येतात. नोकरी सांभाळून, घरच्यांची बोलणी खाऊन ती एकेकटी झटत असतात आणि मला उपाय विचारतात. मी दोनच सांगते. रोज कॉपी काढा, आणि तुम्ही बसलात तर शेजारी बसेल असं एक माणूस शोधा. पहिलं सोपं आहे.

त्यांच्यामागे पाच मंगळवार मी काहीच केलं नाही. यादीत ‘घाटाचा भाग’ तसाच पुढे ढकलत राहिले. या मंगळवारी साडेअकराला त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःच खेळायला घेतला. चढावर एक बैल बसला. मागचे सगळे थांबले, माळावर चूल पेटली. मी घाई केली नाही... बैल आपोआप उठला तेव्हा हातातलं पेन दांड्यावर दोनदा वाजवलं आणि घाट चढायला लागले.