मोघे सर आणि सूर्याची मुदतवाढ

मोघे वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका बिल्डरशी टाइल्सच्या भावावरून भांडत होतो. "म्हात्रे, सर गेले हो... सकाळी, चहा घेताना." बिल्डरला तसाच परत पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा सौदा अर्धवट सोडला. आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी मनात आलं ते हे, की बरं झालं, मी आधीच जिंकलो. तसं झालं नसतं तर या माणसाला मी कधीच माफ केलं नसतं.

आमचं वैर जुनं. माझे वडील मिठागरात राबले. मी नववीत शाळा सोडून लाद्या बसवायला लागलो, पुढे कल्याणला दुकान टाकलं, टिटवाळ्याला गोदाम घेतलं. मोघे सर ठाण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. डोंबिवलीच्या एका व्याख्यानमालेत ते सूर्याच्या मृत्यूवर बोलले. पाचेक अब्ज वर्षांनी सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपणार, मग तो फुगणार, पृथ्वीला भाजून काढणार. तिथली रीत अशी, की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा, श्रोत्याने तोंड उघडायचं नाही. मी लिहिलं, 'गाभ्यातला संपला तरी बाहेरचा शिल्लक राहतो ना? तो आत ढकलला तर सूर्य जास्त जगेल का?' सरांनी चिठ्ठी वाचली, खालचं नाव वाचलं आणि म्हणाले, "म्हात्रेशेठ, सूर्याकडे घासाघीस चालत नाही!" अख्खं सभागृह हसलं. मी उठून ओरडलो, "हसा, पण उत्तर द्या!" तर अध्यक्ष म्हणाले, "कृपया चिठ्ठीनेच विचारा."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच सरांच्या दारात हजर. "चहा घेणार?" "उत्तर घेणार." त्यांनी मला बसवलं, कागद ओढला. म्हणाले, सूर्यात बाहेरचा हायड्रोजन गाभ्यापर्यंत उतरतच नाही. काही लहान, तांबडे तारे मात्र आतून-बाहेरून ढवळले जातात, म्हणून कितीतरी पट जास्त जगतात. मी म्हटलं, "म्हणजे गोदाम भरलेलं आणि काउंटर रिकामा. हे दिवाळं नाही सर, हा गलथान कारभार आहे!" सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तत्त्वतः तुमचं बरोबर आहे. पण ढवळणार कोण? कशाने?" "ते नंतर बघू. आधी हे त्याच माइकवर बोला." तिथे मात्र त्यांची जीभ अडली. घरात कबूल, चारचौघांत नाही.

पुढे अकरा वर्षं दर रविवारी मी तगादा लावला. गंमत म्हणजे माझ्या बाजूचे मुद्दे सरच शोधून ठेवत. एकदा दार उघडतानाच म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी दुसरा मार्ग सापडला! सूर्याचं वजनच थोडं थोडं काढून घ्यायचं. हलका तारा मंद जळतो, जास्त टिकतो." "मग बोला ना सभेत!" "बोलू हो... बोलू." माझ्या बाजूने इतका विचार करणारा माणूस चारचौघांत एक वाक्य बोलायला का कचरत होता, याचा राग मला आजही आहे.

यंदा त्यांना पुन्हा बोलावणं आलं. हृदयाच्या दुखण्यामुळे माजिवड्याच्या हॉस्पिटलात राहून नुकतेच घरी आलेले. डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलेली. तरी काठी टेकत आले. व्याख्यानाआधीच म्हणाले, "याच जागी मी एका प्रश्नाला हसलो होतो. प्रश्न बरोबर होता, हसणारा चुकला होता. सूर्याला मुदतवाढ मिळू शकते, आज आपल्या हातात ती ताकद नाही एवढंच. म्हात्रे, उभे राहा." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. ऊर भरून आला होता, पण स्वभाव कुठे जातो! म्हटलं, "फक्त प्रश्न नाही सर, उत्तरही माझंच होतं!" हशा पिकला. सरही काठीवर वाकून हसले. "घ्या, उत्तरही तुमचं." त्यानंतर महिन्याभरात ते गेले.

परवाच्या रविवारी पाय आपोआप त्या घराकडे वळले. सरांच्या खोलीत बसलो. वहिनी म्हणाल्या, "मला एक कळत नाही म्हात्रे, सूर्याला एवढं जगवून करायचं काय?" माझं डोकंच फिरलं. करायचं काय म्हणजे? टेबलावर हात आपटून मी सुरू झालो... शेजारच्यांची खिडकी उघडली तसा ओशाळून थांबलो. वहिनी म्हणाल्या, "थांबलात का? बोला, अजून मोठ्याने. या खोलीला तीच सवय आहे."