गुंडावरचं नाव

केवलरामच्या तोंडात वाळूचा दाणा नसला, तर समजावं की गडी आजारी आहे. गोंदियात धानाच्या गिरण्यांचे भाग दुरुस्त करणारा एक कारखाना होता. तिथं छप्पन साली पाणी, वाळू आणि दाबाची हवा एकदम फेकणारी नळी आली आणि ती याच्या हाती दिली गेली. गंजलेलं लोखंड असो की काजळलेलं पितळ, त्या ओल्या माऱ्याखाली सगळं उघडं पडे. नळी कोणीही धरील. पण कशावर कोणती वाळू, हे केवलरामनं ठरवायचं. चिमूटभर दाढेखाली घेऊन तो सांगे. कचकन वाजली तर नदीची ताजी, तिखट वाळू, ती लोखंडाला. वापरून वापरून दाणे गोल झाले की तिला तो मेलेली वाळू म्हणे, ती पितळेला. त्याहून नाजूक काम असलं तर तुसाची राख. फोरमन आधी नळीसोबत आलेले कागद काढून बसायचा नि शेवटी यालाच विचारायचा.

घरी मात्र याला विचारणारं कोणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी कुलूप उघडायचं, भात टाकायचा, भिंतीकडे तोंड करून जेवायचं. दिवसभर नळीच्या आवाजावर ओरडून बोलणारा हा माणूस घरात एक शब्द बोलत नसे. बोलणार तरी कोणाशी?

अशात सडक अर्जुनीहून मेहुणा उमराव आला. त्याच्या मुलीचं, चंद्रकांताचं लग्न ठरलं होतं. पोर आत्याच्या, म्हणजे केवलरामच्या बायकोच्या कडेवर वाढलेली; तिला आंदण म्हणून आत्याचा पाण्याचा पितळी गुंड हवा होता, त्यावरच्या नावासकट. केवलराम लगेच हो म्हणाला. रोज विहिरीवर कोणीतरी ते नाव वाचील, एवढंच त्याला हवं होतं.

गुंड तीन वर्षं कोपऱ्यात तसाच पडून काळाठिक्कर झाला होता. तिच्या बापानं लग्नात दिलेला, ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव ठोकलेला. चिंचेनं घासला असता तर दुपारभरात उजळला असता. पण मागच्या दारी, ती बसायची त्या दगडावर बसून चिंच घासायची याची छाती झाली नाही. रविवारी मालकाला विचारून त्यानं गुंड कारखान्यात नेला.

आधी राख घेतली, मग मेलेली वाळू. पोट उजळलं, गळा उजळला. ठिपक्यांतला काळेपणा मात्र हटेना. नाव स्वच्छ वाचता आलं पाहिजे, म्हणून तेवढ्या जागेवर त्यानं तिखट वाळू घेतली. दुसऱ्या कोणी पितळेवर ती मारली असती तर यानं त्याची सालटी काढली असती. तिच्या रोजच्या घासण्यानं ठिपके आधीच उथळ झालेले. पाणी ओसरलं तेव्हा तिथं कोरा पत्रा होता. त्यानं अंगठा फिरवला, पण बोटाला काही लागलं नाही. तिथंच ओल्या फरशीवर बसून तो रडला. कासाराकडून नवं नाव ठोकून घेता आलं असतं, पण तो खोटेपणा त्याला जमला नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवात आंदणाची भांडी मांडली. बायकांनी गुंड हातोहात फिरवला, नवाकोरा दिसतो म्हणून वाखाणला. चंद्रकांतानं मात्र तो मांडीवर घेऊन सगळीकडून पाहिला.

"मामाजी, आत्याचं नाव काऊन दिसून नाही राहिलं?"

"माह्याच हातानं गेलं, बाई. वाळू चुकली."

तिनं गुंड त्याच्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "मंग तुमी घ्या तिचं नाव. सगळ्यायसमोर."

नवऱ्यानंही बायकोचं नाव घ्यायचं नाही, ही तिथली रीत. वीस वर्षांच्या संसारात यानं तिला 'अवो'खेरीज हाक मारली नव्हती. ती गेली त्या दिवशीही 'अवो'च म्हणत बसला होता. केवलरामनं घसा साफ केला.

"शामकला," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला की पलीकडच्या बायकांना ऐकू गेला नाही, आणि त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली होती, आणि ओ द्यायला ती नव्हती.