चमचाभर मॅग्नेशियम

देवळाली प्रवरात खताच्या दुकानात आसारामनं अठ्ठावीस वर्षं काढली. उसाचं पिवळं पान घेऊन कुणी आलं की तो ते उजेडाकडे धरायचा आणि बेधडक सांगायचा, मॅग्नेशियम कमी पडलंय, नाहीतर जस्त. चुकायचा नाही, हे कबूल करतो. पण जिभेला हाड नव्हतं. गावातल्या बन्सीनं एकदा उसाला अंदाजानं पोतंभर खत टाकलं, तर आसारामनं भर दुकानात त्याची अक्कल काढली. "माती तपासल्याबिगर टाकतोस? मानूस हायेस का बैल?" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

शुगर त्याला दहा वर्षांपासून होती. नजर धूसर व्हायला लागली तेव्हा त्याची बायको बनुबाई त्याला ओढत नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. शेजारी म्हणून मीही सोबत होतो. डॉक्टरनी डोळे आणि रक्त तपासून दोन गोष्टी सांगितल्या. रक्तात मॅग्नेशियम कमी आहे, गोळ्या घ्या. आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्त झिरपतंय, पंधरा दिवसांत लेझर करा, नाहीतर नजर जाईल. आसारामनं पहिलीच गोष्ट ऐकली, कारण ती त्याच्या धंद्यातली होती.

"मॅग्नेशियमच ना? आपल्याकडं पोती पडल्यात की," तो परतीच्या एसटीत म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून पिकाला घालायचं मॅग्नेशियम सल्फेट तो रोज सकाळी चमचाभर पाण्यातून प्यायला लागला. जुलाब लागले, तर म्हणे घाण निघतीय. वजन उतरलं, तर म्हणे शुगर उतरली. लेझरची तारीख निघून गेली. बनुबाई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही.

"मूळ सुधारलं की पान आपसूक हिरवं हुतं," त्यानं तिला ऐकवलं. मलाही तेव्हा ते पटलं, याची आज लाज वाटते.

दीड महिन्यानं डोळ्यांपुढं काळे धागे तरंगायला लागले. त्यानं एकाचे दोन चमचे केले. पुढच्या आठ-दहा दिवसांत आधी उजवा डोळा गेला, मग डावा. बनुबाईनं आणि मी त्याला दोन्हीकडून धरून पुन्हा नगरला नेलं.

डॉक्टरनी बराच वेळ तपासलं. "दोन्ही पडदे सुटलेत. वेळेत आला असतात तर नजर वाचली असती. आता ऑपरेशन करूनही फारसं काही दिसणार नाही."

आसारामनं आवाजाच्या दिशेला मान वळवली.

"म्हंजी डोस कमी पडला का, सायेब?"

बनुबाईनं धरलेला त्याचा हात सोडला आणि ती एकटीच बाहेर निघून गेली. तो खुर्चीत तसाच उत्तराची वाट बघत बसला.