खळीचा वास

मी लिहिणं धाडसाचंच. आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच मी, चुकलं तर माफ करा. आज आईनं गणपतीच्या आराशीसाठी मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासानं जुन्नरच्या कॉलेजातली सलमाताई आठवली.

वाङ्मय मंडळाचं भित्तिपत्रक ती एकटीच खळीनं चिकटवायची. एका दुपारच्या सभेला दहा जण आले नाहीत तर मंडळ बंद होणार होतं. आलो मी एकटा, तेही बेल्ह्याची एसटी चुकली म्हणून.

"एकटाच? बस राव, आज तूच गर्दी!" ती हसली आणि माझ्यासमोर उभी राहून तिनं अख्खं पत्रक मोठ्यानं वाचलं. एसटीचं सांगायचं मला धाडस झालं नाही.

मंडळ बंद पडलं. आज संध्याकाळी आराशीला मदतीला आलेला लोणीचा एक पोरगा म्हणाला, "सलमा मॅडम आमच्या शाळेत हायेत. पत्रक लावत्यात. वाचायला लई गर्दी असती."