भरलेली सॅक, रिकामी सॅक

माझा शेजारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. दिवसभर उसाच्या ट्रॉल्या मोजतो, आधी भरलेल्या, मग रिकाम्या. सुट्टी मिळाली की झाडाला बांधायची झोळी घेऊन कळसच्या माळावर मुक्कामाला जातो.

निघताना आणि परतल्यावर तो सॅक ताणकाट्याला अडकवतो. जी वस्तू वापरली नाही, ती पुढच्या खेपेला घरी राहते. अशानं त्याचा तंबू गेला, उशी गेली, टूथब्रशचा दांडाही अर्धा उरला.

"तात्या, लागंल म्हणून न्यायचं न्हाय," तो मला म्हणतो. "तितं खरंच लागलं का, ते बघायचं."

मला कुतूहल, म्हणून गेल्या हिवाळ्यात मीही गेलो. त्यानं दोन कडुलिंबांमध्ये माझी झोळी बांधली. झाडाची साल सोलवटू नये म्हणून पट्ट्याखाली गोणपाट घातलं. जेवताना मी बराच बोललो. तो "व्हय" म्हणत राहिला.

घरी आल्यावर त्यानं सॅक उपसली. गोणपाट ठेवलं, न पेटवलेली मेणबत्ती बाजूला काढली. मग माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि चहा पाजला.

पुढच्या सुट्टीला तो माझ्या दारावरून एकटाच गेला. सॅक चांगलीच हलकी दिसत होती.