वहिनीच्या हातचा मऊ भात

हा अनुभव सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. देवळात भजन झालं की मंडळी एकमेकांना आपापली प्रचिती सांगत बसायची आणि कुणीतरी माझ्याकडे वळायचंच. "तुमी सांगा की आण्णा, आईनं तुमाला मरणाच्या दारातून माघारी आणलं." मी हात जोडून मान खाली घालायचो. लोकांना तो नम्रपणा वाटायचा. पण एकदा सांगायला बसलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. आता वय झालं आहे. तब्येत ठीक आहे, जेवण अंगी लागतं. ज्यांच्याविषयी सांगायचं त्या माझ्या थोरल्या वहिनी मात्र राहिल्या नाहीत.

आमचं गाव पाटोद्यापासून थोडं आत, डोंगराच्या अंगाला. गावाच्या वर माळ आहे आणि माळावर देवीचं ठाणं. आम्ही तिला नुसतं आई म्हणतो. वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी लहान होतो, त्यांनीच मला भरवून वाढवलं. माझा थोरला भाऊ लवकर गेला. वहिनींना एकच लेक, ती नांदूरघाटला दिलेली. वहिनी आमच्यातच राहिल्या आणि घरची चूल त्यांच्याकडेच राहिली. माझी बायको रानात आणि जनावरांत रमायची, स्वयंपाक वहिनींचा. त्यांच्या हाताला अशी चव होती की गावात कुणाच्याही लग्नात पुरणपोळ्या लाटायला पहिलं बोलावणं त्यांना यायचं. जत्रेत आईच्या नैवेद्याची पहिली पोळी तव्यावर टाकायची ती वहिनींनीच, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसायच्या आणि सकाळपासून कुणाशी फारशा बोलायच्या नाहीत. एवढा एकच मान त्यांच्या आयुष्यात होता.

माझं दुखणं हळूच सुरू झालं. आधी पोटात कळ, मग पुन्हा पुन्हा परसाकडला पळणं, मग आव आणि रक्त. असलं दुखणं चारचौघांत सांगायचं तरी कसं? लग्नकार्याला जायचं तर आधी जागा कुठं आहे ते बघून ठेवायचं, एसटीत बसायचं तर उपाशी बसायचं. मूळव्याध असेल म्हणून काढे प्यालो, पुड्या खाल्ल्या. वाळत चाललो. आमच्याकडे पोटाच्या दुखण्याला नाव सापडलं नाही की लोक आपल्या परीनं नाव देतात. पारावर कुणी तरी बोललं, "ह्यांच्या पोटात गेलंय कायतरी. घरातल्याच कुणी खायला घातलं असंल." त्याच दिवसांत वहिनींनी भावाच्या वाट्याचं रान लेकीच्या नावावर करून द्या म्हणून विषय काढला होता आणि मला तो आवडला नव्हता. पारावरचं बोलणं माझ्या मनात नेमकं कुठं जाऊन बसलं, हे आता वेगळं सांगायला नको.

मी आईकडे कौल लावायला गेलो. आमच्याकडची रीत अशी, की गुरव मूर्तीला पाणी घालून दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो. आपण मनातला प्रश्न सांगायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, "काय विचारू आईला?" मी म्हणालो, "विचार, हे घरातल्याच हातानं झालंय का?" किती वेळ काहीच पडेना. गुरव म्हणाला, "आण्णा, आज ऱ्हाऊ द्या. आईच्या मनात दिसत न्हाई." मी हटून बसलो. शेवटी उजवी पाकळी पडली. बसून बसून पाकळी वाळते आणि वाळली की पडते, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी ते ऐकलं नसतं. मला जे हवं होतं तेच मी आईच्या तोंडून वदवून घेतलं आणि घरी आलो.

त्या दुपारी पाहुणे होते. पंगत बसली होती, वहिनींनी माझं ताट वाढून पुढं ठेवलं. मी ते हातानं सरकवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "आजपासून मी वहिनींच्या हातचं खाणार न्हाई. कावून, ते त्यांनाच इचारा." कुणी घास उचलेना. माझी बायको दारातून म्हणाली, "अहो, कुणाला बोलताव? जिनं तुमाला भरवलं तिला?" वहिनी खाली बसल्या, ते ताट स्वतःकडे ओढलं आणि सगळ्यांच्या देखत त्यातलं सगळं जेवल्या. भाकरी, कालवण, भात, कोरड्यास. एक शीत ठेवलं नाही. ताट धुऊन पालथं घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं लेकीकडे नांदूरघाटला गेल्या. त्यानंतर त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

पोट काही थांबलं नाही. लोक म्हणाले, घातलेलं उतरायला वेळ लागतो. मी आईला नवस बोललो, की जत्रेआधी कडक उपवास करीन आणि अनवाणी माळ चढीन. उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची आणि वर कडक चहा. सुजलेल्या आतड्याला याहून वाईट काय घालायचं राहिलं होतं, कोण जाणे. तालुक्याच्या डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या होत्या, त्याही औषधानं उपवास मोडतो म्हणून बंद केल्या. माळाच्या पायथ्याला पोचेपर्यंत धोतर रक्तानं भिजलं होतं. डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी एका बाभळीखाली बसलो तो बसलोच.

शेजारच्या पडीक रानात धनगराच्या मेंढ्या बसल्या होत्या. तो धनगर आणि त्याची बायको पळत आले. मी दोघांनाही ओळखत नव्हतो. मी आपलं एकच धरून बसलो, "मला वर न्या. आईला भेटतो, मग कुठं न्यायचं तिकडं न्या."

धनगर म्हणाला, "मालक, आई तितंच हाय. ती कुठं पळून जाती का? तुमीच निघालाव की."

त्याची बायको त्याच्यावरच खेकसली, "बोलत काय बसलाव, गाडी काढा! आन मेंढरं मी बघते, तुमी माघारी यायची घाई करू नका."

आणखी एका वाटसरूला मागं बसवून, मला मधे धरून त्या माणसानं मोटारसायकलवर बीडच्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी एकदा शुद्धीवर आलो तर तो मागच्याला सांगत होता, "घट धर. मेंढरू धरतो तसं धर, लाजू नको." दवाखान्यात मला आत घेतलं आणि तो गेला. बरा झाल्यावर मी त्या रानात गेलो तेव्हा मेंढ्या पुढं निघून गेल्या होत्या. ते कोण होते, हे मला आजही माहीत नाही. मी आईला भेटायला निघालो होतो आणि भेट झाली, एवढंच मी समजतो.

दवाखान्यात रक्त चढवलं, दुर्बीण घालून आतडं तपासलं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सांगितलं, मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगाशी लढते तीच आपल्या आतड्यावर उलटते. हे दुखणं मुळापासून जात नाही, पण मुठीत ठेवता येतं. मी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, कुणी काय खायला घातल्यानं असं होतं का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, कुणी घातलेलं इतके दिवस पोटात राहत नसतं. कुणी घातलेलं नाही. मनातून काढून टाका."

मनातून कुठलं काढतोय. त्या खाटेवर पडल्या पडल्या मला तेच दिसत होतं, वहिनी खाली बसून माझं ताट जेवत आहेत.

मी बरा होऊ लागलो. सुरुवातीच्या जोरकस गोळ्या डॉक्टरीणबाईंनी हळूहळू कमी करत थांबवल्या, रोजच्या गोळ्या मात्र कायमच्या. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितलं. पोट चिडलं असेल तेव्हा मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, साल काढून शिजवलेला दुधी, केळं. ठेचा, शेंगदाणे, कच्चा कांदा लांब. पोट शांत असलं की चाळलेल्या पिठाची भाकरी वरणात कुस्करून. ताक मला मानवतं, दूध मानवत नाही. दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल, ज्यानं त्यानं आपलं पोट ओळखायचं आणि डॉक्टरला विचारायचं. आता उपवासाच्या दिवशी मी गोळी घेऊन आईपुढं हात जोडतो. तिनं कधी राग धरलेला दिसला नाही. जत्रेतल्या झणझणीत आमटीचा थेंब कपाळाला लावतो आणि घरचा भात खातो.

पण घरी आल्यावर मी गोळ्यांचं कुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर गोळ्या लागणार हे सांगायची लाज वाटली. लोक म्हणाले, आईनं वाचवलं. मी मान डोलावली. आणि तिथंच दुसरं पाप झालं. वहिनी घरातून गेल्या आणि मी सुधारलो, एवढंच गावाला दिसलं. माझं अंग भरत गेलं तसा वहिनींवरचा आळ पक्का होत गेला. भावकीच्या लग्नाला त्या आल्या तर बायका त्यांच्या हातून पोळपाट काढून घ्यायच्या, "तुमी बसा, तुमचं वय झालं" म्हणून. पोरांना कानात सांगितलं जायचं, त्यांनी दिलेलं खायचं नाही. जत्रेतली पहिली पोळी दुसरीच कुणी टाकू लागली. वहिनी गावात यायच्या थांबल्या. माझ्या तोंडातून एक वाक्य गेलं असतं तर हे सगळं थांबलं असतं. मी रोज आईच्या पाया पडायचो आणि ते वाक्य गिळायचो.

मग एका वर्षी पोट पुन्हा चिडलं, मऊ भातावर आलो. ठाण्यावर जाऊन बसलो आणि आईला म्हणालो, माफ कर. कौल लावला नाही, काही मागितलं नाही. बसल्या बसल्या मनात आलं, की ताट मी हिचं सरकवलं नव्हतं, मग हिची माफी कशाला मागतोय? उठलो आणि दुसऱ्या दिवशी नांदूरघाटची गाडी धरली.

वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. नजर कमी झाली होती. मी हाक मारली, त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि माझा हात चाचपला. "भावजी? लई वाळलाव हो. काय खाताव का न्हाई?"

"खातो. मऊ भात, वरण. तिखट चालत न्हाई."

"तिखट चालत न्हाई? तुमाला?" त्या हसल्या. "ल्हानपणी मिरची मीठ लावून खायचे अन मग रडत माझ्या पदराला नाक पुसायचे."

आत जाऊन त्यांनी भात टाकला. चांगला गळेपर्यंत शिजवला, मुगाचं वरण केलं, वर तुपाची धार धरली. मग माझ्यापुढं रिकामं ताट ठेवलं, शेजारी पातेलं, पातेल्यात पळी, आणि स्वतः मागं सरकून भिंतीला टेकल्या. "घ्या तुमच्या हातानं," म्हणाल्या. "मी काय शिवले न्हाई ताटाला."

मी म्हणालो, "वाढा, वहिनी."

त्या मग पुढं झाल्या, चाचपत पळी धरली आणि वाढलं. मी जेवलो. इतकी वर्षं ज्या पोटानं मला सुखानं बसू दिलं नव्हतं, ते त्या दुपारी गाईच्या वासरासारखं गप पडून होतं. प्रसाद प्रसाद म्हणतात तो काय असतो, हे मला त्या ओसरीवर कळलं. "अजून वाढू?" त्यांनी विचारलं. मी "वाढा" म्हणालो. पुन्हा विचारलं, पुन्हा "वाढा" म्हणालो. बोलायचं ते ओठांवर होतं. पण त्या इतक्या आनंदात होत्या, की मी जेवतच राहिलो. जावई गाडीची वेळ झाली म्हणून सांगायला आले. पाया पडलो, आणि मनाशी म्हटलं, दिवाळीला येतो तेव्हा बोलू. दिवाळीआधीच त्या गेल्या.

यंदाच्या जत्रेत पंगत बसायच्या आधी मी उभा राहून सगळं सांगितलं. गोळ्यांचं, डॉक्टरीणबाईंचं, कौलाचं, ताटाचं. एक म्हातारी, वहिनींच्या जोडीची, तोंडावर म्हणाली, "आता सांगतूस व्हय? तिनं पोळपाट सोडला तवा कुठं गेलतास?" पण तिनंच उठून पहिली पोळी वहिनींच्या नावानं बाजूला काढली, आणि मला बरं वाटलं.

आई, तू मला धनगर धाडलास, डॉक्टर दिलीस, रोजची गोळी दिलीस, पोटाला मानवेल तो घास दिलास. माझ्या हातात मी काही धरून ठेवलं नाही तेव्हाच तुझं देणं मला घेता आलं. एक गोष्ट मात्र तुलाही माझ्यासाठी करता येणार नव्हती. ती मी त्या ओसरीवर करायला हवी होती. काय बोलायचं ते गाडीत बसून मनाशी जुळवलं होतं, ते असं होतं: वहिनी, तुम्ही मला कधी वाईट खायला घातलं नाही. मला ठाऊक होतं. ताट सरकवलं तेव्हाही ठाऊक होतं. माझं चुकलं.